पहिल्याच दिवशी कन्सोल ‘फुटला’ म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न असा आहे: ‘निन्टेंडो कंपनीचा स्विच २ हा गेमचा कन्सोल विक्रीला आला त्याच दिवशी कुणीतरी त्यावर आपला कोड चालवून दाखवला. म्हणजे कन्सोल हॅक झाला का? आता थोड्याच आठवड्यांत फुकट गेम चालायला लागतील का? मी अपडेट करणं थांबवू का?’

तिन्ही उत्तरं आधीच देऊन टाकतो. नाही, नाही, आणि बहुतेकांसाठी नाही. कारणं सांगायला मात्र वेळ लागेल. मी बरीच वर्षं छोट्या उपकरणांचं फर्मवेअर, म्हणजे त्यांच्या आतला मूळ प्रोग्राम, उघडून त्यातली सुरक्षेची भोकं शोधण्याचं काम करतो. कन्सोल हा पोटापाण्याचा भाग नाही, शनिवार-रविवारचा आहे. पण नवा कन्सोल आला की हीच बातमी, हाच उत्साह आणि हेच प्रश्न येतात, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता गंमत वाटते.

आधी घडलं काय ते बघू. ५ जून २०२५ला स्विच २ बाजारात आला आणि त्याच दिवशी एका संशोधकानं त्याच्या पडद्यावर स्वतः काढलेली चौकटींची नक्षी झळकवली. त्यानंच सांगितलं की हा यूजरलँडमधला (साधे प्रोग्राम चालतात त्या वरच्या थरातला) आरओपी आहे, कर्नलपर्यंत (सिस्टीमच्या गाभ्यापर्यंत) पोचलेला नाही आणि याचा व्यवहारात काही उपयोग नाही. पडद्यावर चालतोय तो नुसता व्हिडिओ नाही हे सिद्ध करता येणार नाही, असंही त्यानं प्रामाणिकपणे कबूल केलं. त्याच्या या सगळ्या अटी-शर्ती बातमीच्या मथळ्यापर्यंत पोचल्या नाहीत, एवढंच.

आरओपी म्हणजे काय? बाहेरचा कोड आत आणायला मशीन परवानगी देत नाही. म्हणून मेमरीत आधीपासून असलेल्या अधिकृत कोडचेच बारके तुकडे निवडायचे आणि ते आपल्याला हव्या त्या क्रमानं चालतील अशी व्यवस्था करायची. दुसऱ्याच्या भाषणातले सुटे शब्द उचलून आपलं वाक्य जुळवण्यासारखं आहे. वाक्य होतं, पण मोडकंतोडकं, आणि वक्त्यानं जे शब्द उच्चारलेच नाहीत ते तुम्हालाही वापरता येत नाहीत.

कन्सोलची सुरक्षा जुन्या वाड्यासारखी समजा. गेम, सेटिंगची पानं, दडलेला ब्राउझर ही ओसरी. कर्नल हे माजघर. किल्ल्या सांभाळणारा वेगळा छोटा प्रोसेसर ही कुलूपबंद कोठी. आणि या सगळ्याखाली बूटरॉम, म्हणजे मशीन सुरू होताच चालणारा अगदी पहिला कोड. तो चिप बनतानाच तिच्यात कोरला जातो. हे वाड्याचं जोतं. ओसरीवर कुणीतरी येऊन बसणार हे घरमालकानं गृहीतच धरलेलं असतं, म्हणून तर माजघराला वेगळं दार असतं. पहिल्या दिवसाचा हॅक हा ओसरीवरचा पाहुणा आहे. त्याला हाकलायला पुढचं एखादं अपडेट पुरतं.

याच कंपनीच्या आधीच्या मशीनचा इतिहास बघा, तो फार बोलका आहे. पहिला स्विच ३ मार्च २०१७ला आला. त्यात वापरणाऱ्यासाठी ब्राउझर दिलेला नव्हता, पण वायफायच्या लॉगिन पानासाठी आत एक लपलेला होता. त्याच्या वेबकिटमध्ये, म्हणजे वेबपानं दाखवणाऱ्या भागात, एक भोक तसंच राहून गेलं होतं, जे ॲपलनं आयफोनमध्ये ऑगस्ट २०१६मध्येच बुजवलेलं होतं. म्हणजे सहा महिने शिळं भोक घेऊन कोरं मशीन बाजारात आलं. थोड्याच दिवसांत लोकांनी ते वापरून दाखवलं, ‘स्विच हॅक’ अशा बातम्या झाल्या, आणि सामान्य माणसाच्या हाती काहीही लागलं नाही. डिसेंबर २०१७मध्ये जर्मनीत केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकरांच्या संस्थेच्या परिषदेत तिघांनी कर्नलपर्यंतची वाट मांडली. तीही ठरावीक जुन्या फर्मवेअरपुरती होती.

एप्रिल २०१८मध्ये मात्र जोतंच खचलं.

स्विचमधल्या एनव्हिडियाच्या टेग्रा एक्स१ चिपमध्ये यूएसबीवरून चालणारा एक रिकव्हरी मोड आहे. त्यात जोडलेला कॉम्प्युटर एक साधी विनंती करतो आणि ‘मला इतके बाइट हवेत’ असा आकडा सांगतो. बूटरॉम त्या आकड्याची नीट तपासणी न करता तेवढे बाइट कॉपी करत सुटायचा. आकडा ६५,५३५पर्यंत सांगता येत होता आणि जागा त्यापेक्षा खूपच कमी होती. कॉपी करता करता ते थेट स्टॅकवर, म्हणजे पुढं कुठला कोड चालवायचा याची नोंद असलेल्या मेमरीवर, लिहीत जायचं, आणि स्टॅक हातात आला की पुढं काय चालायचं हे आपण ठरवायचं. त्या मोडमध्ये शिरायला उजव्या जॉयकॉनच्या (बाजूला अडकवायच्या कंट्रोलरच्या) खाचेतल्या पिना जोडाव्या लागत, आणि त्यासाठी वाकवलेली पेपरक्लिपही पुरत असे. इतक्या महागड्या सुरक्षेचा शेवट पेपरक्लिपमध्ये व्हावा, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

३१ मार्च २०१८पर्यंत कंपनीनं १ कोटी ७७ लाख ९० हजार स्विच विकले होते. त्या प्रत्येकात हे भोक होतं आणि आजही आहे. बूटरॉम चिपमध्ये कोरलेला असल्यामुळे अपडेटनं काहीच करता येत नाही. २०१८च्या मध्यापासून कारखान्यातून बाहेर पडलेल्या मशीनमध्ये दुरुस्ती आली, पण विकलेली मशीन परत बोलावता येत नाहीत.

सुरुवातीच्या दिवसांतला वेबकिटचा खेळ आणि तेरा महिन्यांनंतरचा हा खरा हॅक यांचा एकमेकांशी फारसा संबंध नव्हता, हे इथं ध्यानात घ्या. एक पुढच्या दारातून आला, दुसरा जमिनीखालून. म्हणून ‘पहिल्या दिवशी इतकं, मग वर्षभरात किती’ असा त्रैराशिकाचा हिशेब इथं लागू पडत नाही. मी नवी बातमी वाचताना दोनच गोष्टी शोधतो. भोक कुठल्या थरात आहे, आणि कंपनीला ते घरबसल्या बुजवता येतं का. ‘किती लवकर’ ही गोष्ट बातमीदारांसाठी आहे.

मोठी मशीन कशी पडली हे पाहिलं तर बहुतेक वेळा कुणाची तरी अगदी साधी चूक सापडते. माझी सर्वांत आवडती गोष्ट वीची. वी (Wii) हा निन्टेंडोचाच जुना कन्सोल, २००६च्या शेवटी आला. त्यावर चालणाऱ्या प्रत्येक कोडला कंपनीची डिजिटल सही लागायची. मशीन त्या सहीतून एक हॅश, म्हणजे मजकुराचा ठसा असलेला आकडा, काढायचं, कोडचाही हॅश काढायचं आणि दोन्ही जुळतात का ते बघायचं. हे जुळवायला प्रोग्रामरनं अक्षरांच्या ओळींची तुलना करणारं फंक्शन वापरलं होतं, आणि सी भाषेत असं फंक्शन शून्य बाइट आला की ‘ओळ संपली’ समजून थांबतं. आता गंमत बघा. सहीच्या जागी नुसती शून्यं भरली की तिच्यातून निघणारा हॅशही शून्यानं सुरू होतो. मग आपल्या कोडमधला एखादा बिनकामाचा आकडा बदलत राहायचं, त्याच्या हॅशचा पहिला बाइट शून्य येईपर्यंत. सरासरी २५६ प्रयत्न लागतात, म्हणजे कॉम्प्युटरला डोळ्याचं पातं लवायच्या आत. शून्याशी शून्य जुळलं, तुलना तिथंच थांबली, सही खरी ठरली! सह्यांसाठी वापरलं जाणारं आरएसएसारखं भक्कम गणित मागं उभं होतं, पण दारावरच्या पहारेकऱ्यानं ओळखपत्राचं पहिलं अक्षर बघूनच आत सोडलं.

अर्थात हे भोक बाहेरून दिसत नव्हतं. त्यासाठी आधी आतला कोड वाचायला हवा होता, आणि तो वाचण्यासाठी काही जणांनी चक्क चिमट्यानं मेमरीच्या पत्त्यांच्या तारा जोडून, गेमक्यूब या आधीच्या कन्सोलच्या मोडमधून एरवी न दिसणारा मेमरीचा भाग वाचून काढला. २००७च्या डिसेंबरमध्ये त्यांनी हे जाहीर दाखवलं. २००८च्या सुरुवातीला एका गेमच्या सेव्ह फाइलमध्ये घोड्याचं नाव प्रमाणाबाहेर लांब लिहून स्वतःचा कोड चालवण्याची सोपी वाटही आली, आणि मग वी सगळ्यांना उघडा झाला.

सोनीच्या प्लेस्टेशन ३ची चूक गणिताच्या शिक्षकाला झोप लागू देणार नाही अशी होती. तिथं प्रत्येक सही करताना एक नवा यादृच्छिक आकडा वापरायचा असतो. सोनीनं दर वेळी तोच आकडा वापरला. मग दोन सह्या घेतल्या की दोन समीकरणं आणि दोन अज्ञातं. शाळेतलं बीजगणित करून खाजगी किल्ली हातात. डिसेंबर २०१०मध्ये हे जाहीरपणे मांडलं गेलं.

त्याआधीचा प्लेस्टेशन ३चा इतिहास तुमच्या प्रश्नाला जास्त लागू आहे, कारण ‘परिणाम’ म्हणजे काय हे त्यात नेमकं दिसतं. हे मशीन २००६ला आलं तेव्हा त्यावर लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची सोय अधिकृतपणे दिलेली होती. तीन वर्षांहून अधिक काळ ते कुणी फोडलं नाही. जानेवारी २०१०मध्ये जॉर्ज हॉट्झ या हॅकरनं लिनक्सच्याच वाटेनं हायपरवायझरपर्यंत, म्हणजे कर्नलवरही पहारा ठेवणाऱ्या थरापर्यंत, पोचल्याचं जाहीर केलं. तो प्रयोग नाजूक होता, वायर लावून नेमक्या क्षणी झटका द्यावा लागायचा, घरोघरी वापरण्याजोगा मुळीच नव्हता. तरी सोनीनं १ एप्रिल २०१०च्या अपडेटमध्ये लिनक्सची सोयच काढून टाकली. ज्यांनी ती सोय बघून मशीन घेतलं होतं त्यांच्या हातात दोनच पर्याय उरले. लिनक्स ठेवा आणि ऑनलाइन खेळणं सोडा, किंवा उलट. ऑगस्टमध्ये पायरसीसाठी यूएसबीचं डोंगल विकायला आलं, डिसेंबरमध्ये सह्यांचं गणित उघडं पडलं, जानेवारी २०११मध्ये हॉट्झवर खटला झाला आणि एप्रिलमध्ये तडजोड जाहीर झाली. लिनक्स काढल्याबद्दल ग्राहकांनी कंपनीवर केलेला दावा २०१६मध्ये तडजोडीपर्यंत आला. सुरुवातीच्या अर्धवट हॅकचा पहिला फटका चोरांना बसला नाही, अधिकृतपणे लिनक्स वापरणाऱ्यांना बसला.

दुसऱ्या बाजूला मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स वन. २०१३ला आलेलं ते मशीन दहा वर्षांहून अधिक काळ जाहीरपणे कुणी फोडलं नव्हतं. २०२४मध्ये आली तीही सिस्टीमच्या एका भागापुरती वाट होती. याचं एक कारण भक्कम रचना. फुकट गेममधून जेवढी बचत होईल त्यापेक्षा मशीन फोडायचा खर्च जास्त पडला पाहिजे, असा हिशेब मांडून ते बांधलं होतं. दुसरं कारण मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. थोडे पैसे भरून साध्या दुकानी मशीनवरही स्वतःचा कोड अधिकृतपणे चालवायची सोय २०१६पासून होती. ज्यांना नुसती हौस होती त्यांना कुलूप तोडायचं कारणच उरलं नाही, आणि कन्सोल फोडणारे सर्वांत हुशार लोक बहुतेक हौशीच असतात. चोरी करणारे त्यांच्या मागून, तयार वाटेनं येतात.

याच हौशी लोकांचं आणखी एक वागणं ठाऊक असलं तर बातम्या वाचणं सोपं जातं. पहिल्या दिवशी जे दाखवतात ते बहुधा खर्ची पडलं तरी चालेल असं भोक असतं. मोलाची भोकं लोक दडवून ठेवतात, कारण जाहीर केलं की पुढच्या अपडेटमध्ये ते गेलं, आणि मग आत शिरून वाचायची सोयही गेली. शिवाय आता कंपन्या पैसे देतात. निन्टेंडोनं २०१६मध्ये १०० ते २०,००० डॉलरचं बक्षीस देऊ केलं. सोनीनं २०२०मध्ये प्लेस्टेशन ४च्या गंभीर त्रुटींसाठी ५०,००० डॉलरपासून पुढं देऊ केले. त्यामुळे बरीच भोकं आधी कंपनीला कळतात, बुजवली जातात आणि मगच तुम्हाआम्हाला समजतात. म्हणून सहा महिने शांतता दिसली तर काही चाललेलं नाही असं समजू नका. आणि रोज एक व्हिडिओ आला तर काही होतंय असंही नाही.

मग स्विच २चं काय होईल? माझा अंदाज सांगतो, अंदाज म्हणूनच घ्या. ओसरीवरची ही वाट बुजेल. एखाद-दोन वर्षांत कर्नलपर्यंतच्या वाटा निघतील, त्या ठरावीक फर्मवेअरपुरत्या असतील. बूटरॉममध्ये पुन्हा तशी घोडचूक राहिली असण्याची शक्यता मला कमी वाटते, कारण एकदा पोळलेले लोक ताक फुंकून पितात. पुढचे मोठे हल्ले हार्डवेअरचे असतील, म्हणजे चिपचा वीजपुरवठा नेमक्या क्षणी डगमगवून तिला तपासणीची पायरी चुकवायला लावणं. हे जमतं, पण त्याला सोल्डरिंगचा हात लागतो. माझ्या पहिल्याच प्रयत्नात मी एका जुन्या कन्सोलच्या बोर्डवरचा पॅड उखडून काढला होता. काम तासाभराचं ठरलं होतं, ते मशीन पुन्हा कधी सुरू झालं नाही.

परिणाम मात्र हॅकची वाट बघत बसत नाहीत. ते आधीच सुरू झालेत. स्विच २ यायच्या आधीच, मे २०२५मध्ये, निन्टेंडोनं वापराच्या करारात बदल केला. नियम मोडल्यास उपकरण पूर्णतः किंवा अंशतः कायमचं निकामी करण्याचा हक्क कंपनीनं त्यात लिहून घेतला. आणि जूनमध्येच, गेमच्या प्रती चालवणारी एमआयजी कार्डं लावलेल्या स्विच २वर ऑनलाइन बंदी आल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. स्वतः विकत घेतलेल्या गेमची प्रत होती असं सांगणारेही त्यात होते. यात जादू नाही. प्रत्येक अस्सल कार्ट्रिजला, म्हणजे गेमच्या कार्डाला, स्वतःचं वेगळं प्रमाणपत्र असतं. तेच प्रमाणपत्र दोन ठिकाणी एकाच वेळी दिसलं, की कुठंतरी प्रत निघालीय हे सर्व्हरला लगेच कळतं. मूळ कुठलं आणि प्रत कुठली हे ओळखणं मात्र तेवढं सोपं नाही, आणि जुनी कार्ट्रिज विकत घेणारा निरपराध माणूस तिथंच अडकतो.

हे सगळं विकून पैसे कमावणाऱ्यांचं काय होतं तेही बघा. टीम एक्झेक्युटर नावाची टोळी स्विचच्या मॉडचिप, म्हणजे मशीनची तपासणी चुकवणाऱ्या जादा चिप, विकत असे. त्यातल्या गॅरी बाउझरला २०२०मध्ये अटक झाली आणि फेब्रुवारी २०२२मध्ये अमेरिकेत ४० महिन्यांची शिक्षा झाली, शिवाय लक्षावधी डॉलरची भरपाई. इम्युलेटरवाल्यांनाही, म्हणजे कन्सोलचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारे प्रोग्राम बनवणाऱ्यांनाही, झळ बसली. स्विचचा युझू हा इम्युलेटर मार्च २०२४मध्ये २४ लाख डॉलरची तडजोड करून बंद झाला. त्या खटल्यात निन्टेंडोचा एक मुद्दा असा होता, की एक मोठा गेम अधिकृतपणे यायच्या आधीच दहा लाखांहून अधिक वेळा बेकायदा डाउनलोड झाला.

पायरसीनं कंपनी बुडेल का, असंही बरेच जण विचारतात आणि सेगा कंपनीच्या ड्रीमकास्ट कन्सोलचा दाखला देतात. ड्रीमकास्टमध्ये गाण्यांच्या खास सीडीसाठी एक सोय होती, तिच्यातून २०००मध्ये साध्या सीडीवरचे चोरीचे गेम विनामॉडचिप चालू लागले, आणि २००१च्या सुरुवातीला सेगानं मशीन बंद करायचं जाहीर केलं. पण सेगा त्याआधीच तोट्यात होती आणि प्लेस्टेशन २ समोर उभा होता. मला विचाराल तर पायरसी हा तिथं सहआरोपी होता, मुख्य नव्हे. पहिला स्विच तर जोत्यापासून फुटला आणि तरी धडाक्यानं विकला गेला. ऑनलाइन खेळात फसवेगिरी वाढणं, हा सामान्य खेळाडूला जाणवणारा तोटा त्यापेक्षा खरा आहे.

चांगलं काहीच नाही का? आहे की. २००१च्या पहिल्या एक्सबॉक्सची गुप्त किल्ली एमआयटीतल्या अँड्र्यू हुआंगनं दोन चिपमधल्या तारांवरून जाणारे बिट टिपून काढली. मग त्या फोडलेल्या मशीनवर हौशी लोकांनी व्हिडिओ बघायचा एक प्रोग्राम लिहिला, तोच वाढत वाढत आज ‘कोडी’ (Kodi) या नावानं जगभर चालतो. निन्टेंडोच्या थ्रीडीएस आणि वी यू या जुन्या मशीनचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३मध्ये बंद झालं, एप्रिल २०२४मध्ये ऑनलाइन खेळणंही थांबलं. आज त्या मशीनवर कुणी ऑनलाइन खेळत असेल तर ते हौशी लोकांनी उभारलेल्या पर्यायी सर्व्हरवर, आणि थ्रीडीएसच्या बाबतीत त्याला फोडून बदललेलं मशीन लागतं. जाता जाता एक किस्सा. थ्रीडीएसवर २०१४मध्ये क्यूबिक निंजा नावाच्या, कुणी ढुंकूनही न बघितलेल्या गेममध्ये क्यूआर कोड वाचण्यातली चूक सापडली. ज्या कार्ट्रिजला कुणी विचारत नव्हतं तिचे भाव रातोरात चढले.

आता तुमचा तिसरा प्रश्न, अपडेट करायचं की नाही. जुनं फर्मवेअर जपून ठेवण्यात तांत्रिक अर्थ आहे, कारण पहिल्या स्विचमध्ये अपडेटबरोबर चिपमधले फ्यूज (एकदा जळले की परत न येणाऱ्या खुणा) जळत असत आणि नेहमीच्या मार्गानं मागं परतता येत नसे. पण त्याची किंमत रोज मोजावी लागते. ऑनलाइन खेळ नाही, दुकान नाही, नवे गेम नवीन फर्मवेअर मागतात, आणि आधीच्या अनुभवावरून वाट बघायची तर वर्ष-दोन वर्षं धरा. संशोधन करायचं असेल तर त्यासाठी दुसरं मशीन घ्या आणि ते नेटला जोडूच नका. खेळण्यासाठी घेतलं असेल तर अपडेट करा आणि खेळा. ‘स्विच २ जेलब्रेक’ नावानं मिळणारी कुठलीही फाइल सध्या उतरवू नका. पडद्यावर चौकटी काढण्यापलीकडं कुणी गेल्याचं जोवर दिसत नाही, तोवर ती फाइल तुमच्या कॉम्प्युटरवर हल्ला करण्यासाठीच बनवलेली असणार. आणि वापरलेलं मशीन घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी विकणाऱ्यासमोरच ते ऑनलाइन जोडून दुकान उघडतंय का ते बघा. बंदी मशीनवर बसते, मालक बदलला तरी ती उठत नाही.